छान झालं, पण माइक जरा कमी होता

आमच्या पुण्यात निवृत्त माणसाचं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही, २२ जुलैला सुरू होतं. त्या दिवशी मुकेशची जयंती. ती गाऊन घसा मोकळा होतोय न होतोय तोच ३१ जुलैला रफीसाहेबांची पुण्यतिथी उभी. लगेच ४ ऑगस्टला किशोरकुमारची जयंती. २७ ऑगस्टला पुन्हा मुकेश, या खेपेला पुण्यतिथी. ८ सप्टेंबर आशाताईंचा, २८ सप्टेंबर लतादीदींचा, १३ ऑक्टोबरला किशोरकुमार पुण्यतिथीच्या निमित्तानं परत. मध्ये गणपती, पितृपक्ष, दिवाळी येतात, पण ती कुठेतरी बसवून घेता येतात. २४ डिसेंबरला रफीसाहेबांची जयंती झाली की मोसम संपला. त्यानंतरच्या कोरड्या महिन्यांसाठी ‘सदाबहार नगमे’ नावाचा कार्यक्रम असतो. त्याची सोय अशी, की त्यासाठी कुणी जन्मावं किंवा जावं लागत नाही.

हा सगळा प्रताप काराओकेचा. गाण्यातून मूळ गायकाला काढून टाकायचं, बाकीचा वाद्यवृंद तसाच ठेवायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेवर आपण जाऊन उभं राहायचं. पूर्वी रफीसाहेबांच्या जागी उभं राहायला अंगात काहीतरी असावं लागे. आता मोबाइलमध्ये असलं तरी भागतं.

ही सोय काढली एका जपानी माणसानं. दाइसुके इनोउए त्याचं नाव. कोबे शहरातल्या बारमध्ये तो गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. एका गिऱ्हाइकाला बाहेरगावी चार लोकांसमोर गायचं होतं आणि इनोउएला जाता येईना, म्हणून त्यानं नुसती साथच टेप करून दिली. त्यातून १९७१ साली नाणं टाकलं की साथ करणारं यंत्र निघालं. गृहस्थानं पेटंट घेतलं नाही, त्यामुळे पैसे दुसऱ्यांनीच मिळवले. पण २००४ साली त्याला इग नोबेल पारितोषिक देण्यात आलं, तेही शांततेचं. कारण असं दिलं, की माणसांनी एकमेकांना सहन करायला शिकावं यासाठी त्यानं अगदी नवा मार्ग काढला. हे पारितोषिक हसवण्यासाठी देतात म्हणे. देणारे आमच्या मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमाला शेवटपर्यंत बसले असते, तर त्यांनी तेच पारितोषिक गंभीर चेहऱ्यानं दिलं असतं.

मला या वाटेला लावलं डॉक्टरांनी. रक्तदाब मोजून झाला, दंडाचा पट्टा सुटला, गोळ्या लिहून झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, “आता आनंदी राहायचं.”

“कसं?”

“काहीतरी छंद हवा. गाता का?”

“बाथरूममध्ये.”

“मग आता बाहेर या.”

घरी येऊन हे मी हिला सांगितलं. ती लसूण सोलत होती.

“बाहेर म्हणजे किती बाहेर?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, सिंहगड रस्त्याला एक हॉल आहे, तिथं एक मंडळ जमतं. “चालेल,” ती म्हणाली. मला वाटलं, परवानगी दिली. ती अंतर मोजत होती.

मंडळाचे नियम सोपे आहेत. दोन गाण्यांचे ३०० रुपये. द्वंद्वगीत असेल तर निम्मे निम्मे. आयुष्यभर आम्हाला वाटत आलं की गाणाऱ्याला पैसे मिळतात. इथं गाणाऱ्यानं द्यायचे असतात, आणि विचार केला तर तेच न्यायाचं आहे. गाणं आठ दिवस आधी कळवायचं, म्हणजे एकच गाणं दोघांकडून होत नाही. तरी दर वेळी दोघेजण तेच गाणं घेऊन येतातच. मग दोघांपैकी एकाला त्याग करावा लागतो. त्याग करायला माणसं तयार असतात, पण केलेला त्याग विसरायला कुणी तयार नसतं. “मागच्या रफी नाइटला मी ते तुमच्यासाठी सोडलं होतं,” हे वाक्य पुढचं वर्षभर चहाच्या कपाबरोबर हातात येतं.

आमच्याकडे सगळं आहे. माइक आहे, पडदा आहे, रंगीत दिवे आहेत, निवेदिकाबाई आहेत. नाहीत ते फक्त श्रोते. हॉलमध्ये पन्नास डोकी दिसतात, पण ते आपला नंबर यायची वाट बघणारे गायक असतात. गायक दुसऱ्याचं ऐकत नाही. तो मांडीवरच्या मोबाइलमध्ये बघून ओठ हलवत स्वतःचा अंतरा घोकत असतो. आणि त्याचं गाणं एकदा झालं, की त्याला आठवतं की नातवाला क्लासवरून आणायचंय. दहावं गाणं सुरू होईपर्यंत नऊ नातू गावभरच्या क्लासांवरून एकदम सुटलेले असतात.

शास्त्रीय संगीतात शेवटचा मान ज्येष्ठाचा. भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मृतीसाठी सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, त्यात पुढे वर्षानुवर्षं शेवटी ते स्वतः गायला बसायचे, आणि तेवढ्यासाठी लोक डिसेंबरच्या थंडीत शाली गुंडाळून पहाटेपर्यंत थांबायचे. आमच्याकडे शेवटचा नंबर सगळ्यात नव्या सभासदाचा. त्याला ऐकायला तीन माणसं उरतात. हॉलचा रखवालदार, खुर्च्या एकावर एक रचणारा मुलगा आणि त्याची स्वतःची बायको. तीसुद्धा स्कूटरची किल्ली त्याच्या खिशात असते म्हणून. पहिले काही महिने तो शेवटचा नंबर माझा होता. मी विरहगीत गात असताना रखवालदार दिव्यांच्या बटणांपाशी जाऊन उभा राहायचा आणि प्रत्येक कडव्याला एक दिवा बंद करायचा. हॉलमधल्या कुणाला ती प्रकाशयोजना वाटली असेल तर मला माहीत नाही, कारण कुणी नव्हतंच.

या रोगावर अध्यक्षांनी औषध काढलं ते बटाटेवड्याचं. वडे पूर्वी मध्यंतरात मिळत. ते त्यांनी शेवटच्या गाण्यानंतर नेले. रसिकता एकदम वाढली. नातवांना आणायला आता सुना जातात.

गाणारे दोन जातींचे. ओरिजिनल स्केलमध्ये गाणारे आणि बाकीचे. काराओकेत पट्टी अर्ध्या अर्ध्या सुरानं खालीवर करता येते, आणि करावीच. रफीसाहेबांना जो सूर सहज लागत होता तो लागावा अशी वयाच्या सत्तरीत कुणाकडून अपेक्षा नसते. पण ओरिजिनलवाल्यांना हे पटत नाही. “मी ओरिजिनललाच गातो,” असं ते न विचारता सांगतात. मग अंतरा येतो. मान मागे जाते, टाचा उचलतात, कपाळावरची शीर दिसू लागते आणि पहिल्या रांगेतला निवृत्त डॉक्टर खुर्चीच्या कडेला सरकून बसतो. सूर लागतच नाही असं नाही. तो वरून जाताना दिसतो, हात पुरत नाही इतकंच. उलट उणे चार, उणे पाचवर गाणारे चिटणीसांच्या कानात आकडा असा सांगतात, की औषधाच्या दुकानातसुद्धा माणूस इतकं हळू बोलणार नाही. एका सभासदांनी तर पट्टी इतकी उतरवून घेतली, की आवाज विहिरीत पडलेल्या बादलीचा यावा तसा येत होता. वर काढायला दोर नव्हता.

त्यातून पडद्यावरचे शब्द रोमन लिपीत. ज्यानं ते टंकलेखन केलं त्याला दीर्घ-ऱ्हस्वाशी काही देणंघेणं नव्हतं. एका गृहस्थांनी त्या पडद्यावर विश्वास ठेवून प्रेयसीकडे प्रेमाचा एक ‘पल’ मागायचा तिथं पाल मागितली. तीही आर्ततेनं, दोनदा, कारण ओळ दोनदा आहे. ते गाणं त्यांना पन्नास वर्षं तोंडपाठ होतं. पण समोर लिहिलेलं असलं की शिकलेला माणूस स्वतःच्या डोक्यापेक्षा लिहिलेल्यावर जास्त भरवसा ठेवतो. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं एका समासात आणि पढतमूर्खांची वेगळ्या समासात सांगितली आहेत. मी दोन्ही समास वाचून स्वतःला शोधलं आणि दोन्हींत सापडलो, तेव्हा या बाबतीत मी कुणाला हसत नाही.

शिवाय मधलं संगीत. शंकर-जयकिशनच्या गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये व्हायोलिनांची अशी फौज येते की ऐकताना अंगावर काटा यावा. तीच फौज स्टेजवर उभं राहून ऐकताना घाम येतो. हातांचं काय करायचं? एकजण चष्मा पुसतात. एकजण तेवढ्या वेळात खजिनदारांचे आभार मानतात. एक वहिनी व्हायोलिनं संपेपर्यंत पुढच्या रांगेतल्या नणंदेला डोळ्यांनी विचारतात, की पदर नीट आहे ना. मी स्वतः पायानं ताल धरतो. तो ट्रॅकचा नसतो, पण असतो.

एकदा विरहाचं गाणं चाललं होतं. ट्रॅक चिटणीसांच्या मोबाइलवरून वाजत होता. दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी, म्हणजे नायक जगाचा निरोप घ्यायच्या बेतात असताना, त्यांना फोन आला. त्यांनी घाईनं लाल बटण दाबायला बोट नेलं आणि हिरवं दाबलं. दोन्ही स्पीकरमधून एक गोड बाई म्हणाली, “सर, तुम्हाला पर्सनल लोन मंजूर झालेलं आहे.” गाणारे गृहस्थ डोळे मिटून उभे होते. हे ट्रॅकमध्येच असेल असं समजून त्यांनी मान डोलावली. त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा मनापासून टाळ्या पडल्या, आणि त्या गृहस्थांनी कमरेत वाकून घेतल्या.

अशा वेळी मला जुने पेटीवाले आठवतात. त्यांचा एक डोळा पेटीवर आणि एक गाणाऱ्याच्या तोंडावर असे. गाणाऱ्याचा सूर घसरला की पेटीवाला क्षणभरानं त्याच सुरावर जाऊन बसे, आणि ऐकणाऱ्याला वाटे की ही खास जागा आहे, घरंदाज दिसते. तबलजी तसलाच. सम हुकली की एक तिहाई टाकून, सम होती ती इथेच, असा चेहरा करी. मैफल संपल्यावर यातलं अक्षर बोलायचा नाही. १९४० साली रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती पुढे तीसेक वर्षं टिकली. तक्रार काय, तर पेटीला मींड घेता येत नाही, तिचे सूर जागचे हलत नाहीत. खरंच आहे. पण पेटीवाला हलायचा, त्याचं काय? काराओकेत सूरही हलत नाहीत आणि माणूस तर नाहीच. तुम्ही मागे राहिलात की ट्रॅक निघून जातो, आणि पडद्यावरची अक्षरं निळ्याची लाल होत होत तुमच्याशिवाय पुढचं कडवं गाऊन टाकतात.

तेव्हा सांभाळून घ्यायचं काम आता ऐकणाऱ्यांवर आलं आहे. गाणं संपतं, माणूस खाली उतरतो, पाण्याची बाटली उघडतो आणि तुमच्या शेजारी येऊन उभा राहतो. कसं झालं, असं तो विचारत नाही. नुसता उभा राहतो. हा क्षण फार नाजूक. इथं तुमचा सत्यवादीपणा, भूतदया आणि वीस वर्षांचा शेजारधर्म एकाच दारातून बाहेर पडायला बघतात.

यासाठी मंडळात एक भाषा तयार झाली आहे. नवीन सभासदाला ती शिकायला वर्ष लागतं. नुसतं ‘छान’ म्हणजे मी हॉलमध्ये होतो. ‘छान झालं हं’ यातला हं घातक. तो पाठीवर हात ठेवून म्हणतात. ‘वेगळंच झालं’ म्हणजे चाल ओळखता आली नाही. ‘ट्रॅक कुठून मिळवलात?’ म्हणजे तुम्ही सोडून बाकी सगळं ऐकण्याजोगं होतं. ‘शर्ट खुलून दिसतो तुम्हाला’ याचा अर्थ सांगायला नको. ‘या वयात!’ ही सर्वांत मोठी शिक्षा, ती सहसा कुणी कुणाला देत नाही. अगदीच आरडाओरडा झाला तर. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे ‘छान झालं, पण माइक जरा कमी होता’. या वाक्याच्या कर्त्याला मी शोधतो आहे, भेटला तर शाल-श्रीफळ देईन. यात गाणाऱ्याला धक्का नाही, ऐकणाऱ्यावर खोटं बोलण्याचं पाप नाही. सगळा दोष माइकवर, आणि माइक रुसत नाही, वर्गणी थांबवत नाही, दुसरं मंडळ काढत नाही.

सगळं सुखात चाललं होतं. मग एक निवृत्त ऑडिटर सभासद झाले.

त्यांनाही त्यांच्या डॉक्टरांनी लोकांत मिसळायला सांगितलं होतं. हे डॉक्टर लोक सांगून मोकळे होतात. ऑडिटरसाहेब गात नसत. पहिल्या रांगेत बसत आणि सगळ्यांची सगळी गाणी ऐकत. हे मंडळात पूर्वी कधी घडलं नव्हतं, त्यामुळे त्यातला धोका कुणाच्या लक्षात आला नाही. एक सभासद सवयीनं गाऊन खाली उतरले, पाण्याची बाटली उघडून त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. ऑडिटरसाहेबांनी खिशातून छोटी वही काढली.

“मुखड्यावर दोनदा उशिरा आलात. दुसऱ्या अंतऱ्यात निषाद तिन्ही वेळा उतरलेला. ‘श’ सगळीकडे ‘स’. तिसरं कडवं गायलंच नाहीत, पण त्याबद्दल माझी हरकत नाही. एकंदरीत ठीक.”

“माइक जरा...” ते गृहस्थ म्हणाले.

“माइक व्यवस्थित होता,” ऑडिटरसाहेब म्हणाले. “तोच प्रश्न आहे.”

त्यांच्या मोबाइलमध्ये आवाज मोजायचं ॲपही होतं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा त्यांना पाठ. निवेदिकाबाईंनी मोठ्या हौसेनं वरचा षड्ज लावला तेव्हा यांनी मोबाइल उंच धरून सगळ्यांना आकडा दाखवला. मला म्हणाले, “तुमचा प्रश्न आवाजाचा नाही. तुमचा आकडा मर्यादेत आहे. बाकी काहीच मर्यादेत नाही.”

पुढचे काही कार्यक्रम विलक्षण झाले. लोक घरी रियाज करून येऊ लागले. एकजण चक्क तानपुऱ्याचं ॲप लावून सूर लावताना सापडले. ‘श’ आणि ‘स’ वेगळे झाले. ओरिजिनल स्केलवाल्यांनी निमूटपणे उणे दोन सांगायला सुरुवात केली. गाणं सुधारलं आणि मंडळ बुडायला आलं. कारण सुधारायला कुणी पैसे भरले नव्हते. कुणाची गुडघेदुखी वाढली, कुणाच्या मुलानं अचानक बंगळुरूला बोलावून घेतलं. वडे उरू लागले. अध्यक्षांनी पहिल्यांदाच उरलेले वडे घरी नेले, आणि त्यांच्या पत्नीनं विचारलं म्हणे, की कोण गेलं.

आमचे अध्यक्ष सहकारी पतपेढीत आयुष्य काढलेले. बुडणाऱ्या गोष्टींना कुठे टेकू द्यायचा हे त्यांना कळतं. ते ऑडिटरसाहेबांच्या घरी गेले, दोन कप चहा प्यायले आणि म्हणाले, “साहेब, आमचं साउंडचं काम अगदी ढिसाळ आहे. तिथं तुमच्यासारखा काटेकोर माणूस हवा.” काटेकोर माणसाला काटेकोर म्हटलं की तो विरघळतो. पुढच्या कार्यक्रमाला ऑडिटरसाहेब मिक्सरसमोर बसलेले. वही घरी.

त्या दिवसापासून ते एक शब्द बोललेले नाहीत. बोलतं ते त्यांचं बोट. गाणाऱ्याचा सूर ढळायला लागला की बोट हळूच एक खुंटी खाली ओढतं आणि दुसरी वर नेतं. आवाज मागे जातो, बासरी पुढे येते, इको वाढतो. सूर परत जागेवर आला की बोट त्याला पुन्हा पुढे आणतं. तिहाई तेवढी त्यांना टाकता येत नाही. अर्थात या व्यवस्थेमुळे एक झालं. ‘माइक जरा कमी होता’ हे वाक्य इतकी वर्षं सौजन्यापोटी बोललं जायचं. आता ती वस्तुस्थिती आहे. गुडघे बरे झाले, बंगळुरूची मुलं आपापली सुखात आहेत, वडे पुरत नाहीत.

माझ्या गाण्याला ते इको इतका देतात, की पहिली ओळ म्हणून मी पाण्याचा घोट घेतला तरी ती ओळ हॉलमध्ये फिरतच असते. परवा तर मी ट्रॅक संपल्यावर खुर्चीत येऊन बसलो आणि माझा शेवटचा सूर माझ्यामागून आला.

आमच्यात द्वंद्वगीतांना बायका कमी पडतात. पुरुष तीस, द्वंद्व गाणाऱ्या वहिनी सहा. त्या सहाजणींच्या तारखा मुहूर्त काढावे तशा काढाव्या लागतात. माझ्याबरोबर गाणाऱ्या वहिनी लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेल्या. त्यांची लेक दोन वर्षांत दुसऱ्यांदा बाळंत होत होती, पण मी त्याचा संबंध माझ्या गाण्याशी लावला नाही. मी हिला म्हटलं, “तू ये ना. नुसतं उभं राहायचं. ओळी पडद्यावर येतात.”

“बघू,” ही म्हणाली.

हॉलमध्ये हिनं पडद्याकडे पाहिलंच नाही. चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, एक कान हातानं झाकला आणि तिची ओळ आल्यावर ती गायली. सुरात. इतकी सुरात, की शेजारी उभं राहून मला पहिल्यांदा कळलं, ते गाणं कसं आहे. खुर्च्या रचणारा मुलगा खुर्ची हातात धरून उभा राहिला. मांडीवरच्या मोबाइलांचे दिवे विझले. मधलं संगीत आलं तेव्हा तिनं हातांचं काहीच केलं नाही, आणि तेही बरं दिसलं.

खाली उतरल्यावर मी विचारलं, “हे काय?”

“मध्यमा पूर्ण,” ती म्हणाली. “गांधर्व महाविद्यालयाची. लग्नाआधी. सर्टिफिकेट माळ्यावर आहे.”

“मला कधी बोलली नाहीस ते!”

“तुम्ही विचारलं नाहीत. आणि घरात एकानं गायलं म्हणजे पुरे असतं.”

खरी पंचाईत पुढे झाली. लोक भोवती जमले. सगळ्यांना काहीतरी म्हणायचं होतं आणि म्हणायला काही नव्हतं. निवेदिकाबाई पुढे आल्या, “वहिनी, माइक...” म्हणाल्या आणि थांबल्या. एकजण “ट्रॅक...” पर्यंत आले. खजिनदारांनी घाईनं साडीचं कौतुक केलं, ते हिला आवडलंही, पण सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते वड्यांकडे निघून गेले. अध्यक्ष “या व...” म्हणाले आणि पुढचं गिळलं. इतक्या वर्षांत ‘छान’ आम्ही पाण्यासारखं वाटलं होतं. आता खरोखरच छान झालं तर डबा रिकामा.

तेवढ्यात ऑडिटरसाहेब मिक्सरवरून उठून आले. नमस्कार केला.

“वहिनी, मी आज एकाही बटणाला हात लावला नाही,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “म्हणजे तुमच्या ओळी सोडून.”

रिक्षात बसल्यावर दांडेकर पुलापर्यंत मी गप्प होतो. मग न राहवून विचारलंच, “माझं कसं झालं?”

ही बाहेर बघत होती. जरा वेळानं म्हणाली, “ट्रॅक कुठून मिळवलात?”

पुढच्या कार्यक्रमाची यादी काल आली. हिची पाच द्वंद्वगीतं आहेत, पाच वेगवेगळ्या गृहस्थांबरोबर. त्यांतल्या तिघांनी मी पूर्वी केलेल्या त्यागांची आठवण ठेवल्याचं मला फोन करून सांगितलं. माझ्या नावापुढे अध्यक्षांनी गाण्याच्या रकान्यात ‘वडे’ लिहिलं होतं. मी त्यांना फोन केला.

“अहो, फार विश्वासाचं काम आहे,” ते म्हणाले. “वडा आधी पोचला तर लोक खाऊन पळतील, उशिरा पोचला तर तसेच पळतील. शेवटच्या तिघांना कोण ऐकणार? गाण्याचा कान असलेला माणूसच हवा तिथं.”

यावर काय बोलणार? नगाला वीस म्हणणाऱ्याला मी अठरावर आणलं आहे. चटणी वेगळी बांधून देणार आहे, आणि मिरच्या तळलेल्या.